आक्काचा राग

सलग तिसरी निवडणूक हरल्यावर पक्ष कार्यालयात नव्या भाषणाची चाचणी चालली होती. गावातल्या प्रत्येक मतदाराची बोलकी प्रतिकृती यंत्रात होती आणि भाषण आधी तिलाच ऐकवायची पद्धत होती.

"फार छान भाषण आहे, वसंतराव," शेवंताआक्काची प्रतिकृती म्हणाली.

तालुकाध्यक्ष वसंतराव गुरव चमकले. शेवंताआक्का त्यांची सख्खी थोरली बहीण.

"आक्का मला वसंतराव म्हणते? आणि भाषण छान?"

यंत्र सांभाळणारी रेश्मा ओशाळली. "साहेब, सगळ्यांचाच राग आपण कमी करून ठेवलाय. बोलणी ऐकून कार्यकर्ते खचायचे."

"आक्काचा होता तेवढा कर."

रेश्माने केला आणि भाषण पुन्हा ऐकवलं.

"वश्या," यंत्र कडाडलं, "नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि तू मला पक्षाचा इतिहास सांगतोस? नाहीच दिलं तुला मत. आणि हे घरी येऊन विचारायला काय झालं होतं तुला?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. वसंतराव मात्र निकालानंतर पहिल्यांदाच हसले आणि चपला शोधू लागले.

"मी आक्काकडे निघालो. तुम्हीही आपापल्या गल्लीत जा," ते म्हणाले. "जो बोलणी न खाता परत येईल, त्याला पुन्हा पाठवीन."