पळीभर सांबार

कुंभकोणमच्या अन्नछत्रात पंगत बसण्याआधी कारभारी वेणुगोपाळराव पळीभर सांबार तळहातावर घेऊन चाखत आणि रोज म्हणत, "मीठ घाल अजून." आचारी वेंकटेश अगदी जेरीला आला. "राव, एक दिवस तरी माझ्यावर सोडा!"

रावांनी सोडलं. पण राव सांगतीलच म्हणून मीठ कमी घालायची सवय वेंकटेशाच्या हातात मुरली होती. सांबार अळणी झालं. पंगतीतले कुंपिणीचे शिरस्तेदार कडाडले, "हाकला त्या आचाऱ्याला!"

राव हात जोडून म्हणाले, "मीच चाखून पाठवलं, साहेब. जीभ माझी चुकली."

दुसऱ्या दिवशी वेंकटेश रावांच्या पायाशी वाकला आणि आपणहून पळी पुढं केली. रावांनी तळहात मागं घेतला.

"मीठ तुझं तू बघ. बोलणी खायला मी आहे."