ढील

“दोनच शब्द. दोर हवा तर ‘ढील’, पडणार असाल तर ‘ताण’. गप्पा हाणायला घर आहे,” प्रशिक्षक खालून खेकसला.

आज ती पहिल्यांदाच स्वतः दोर वर नेत पुढे चढत होती. तिच्या कमरेचा दोर खाली त्याच्या हातात होता. वर नुसता कोरा कडा, माणूस काय, पाखरूही नाही.

खडकातली, दोर ओवलेली शेवटची कडी पायांखाली बरीच दूर राहिली, तेव्हा तिची बोटं घसरू लागली.

“ताण!” ती ओरडली.

“ढील!” डोक्यावरून कुणीतरी म्हणालं. तिच्याच आवाजात.

“नक्की काय ते ठरवा, बाई!”

“ताण! अहो, ताण!”

“चुकून बोलले हो, सर,” वरचा आवाज ओशाळून हसला. “ढीलच द्या.”

“मग आधीच नीट बोलायचं ना!” प्रशिक्षक करवादला, आणि तिच्या कमरेचा दोर सैल पडला.