कागदाचा बोळा

तिसरा जोड किन्पेईने पायात चढवला आणि दुकानातल्या उंच लाकडी ओट्यावर उभं राहून दोनदा टाचा आपटल्या.

"हे जमले," तो म्हणाला.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. आतून लोकरी नमद्याचं जाड अस्तर, तळाला बर्फात रुतणारे दात. त्याचा पाय सव्वीस सेंटीमीटरचा, पण बूट सत्तावीसचे. शिकारीला जाताना आत लोकरी मोज्यांचे दोन जोड चढवावे लागतात.

दुकानवाली चियोनो त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली होती. सकाळी त्याच्या बायकोचा, फुसाचा, फोन येऊन गेला होता. "मागच्या हिवाळ्यात गारठून यांच्या पायाचं एक बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणालेत, पायाला काही कळत नसेल तर गार पाण्यात उतरायचं नाही, या वेळी अख्खा पाय जाईल. हे म्हणतात, आता सगळं कळतं. मला खरं सांगायचे नाहीत. तूच बघ, चियोनो. कळत नसेल तर बूट देऊ नकोस."

चियोनोने बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं. "लागतं का?"

किन्पेईची नजर तिच्या अंगठ्यावर होती. "लागतं तर. पाय आहे माझा, लोणच्यातला मुळा नाही."

"आणि इथं?"

"तिथंही."

शेगडीशी हात शेकत बसलेला यासाकू हसला. चाळीस वर्षं हे दोघे एकाच नावेतून बदकं मारत आले होते. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने नेम धरायचा. "अरे, नवरी मुलगीसुद्धा इतका वेळ लावत नाही. तुझं आवरेपर्यंत बदकं परत उत्तरेला जातील."

"तुझ्या नेमावर सोडली तर सगळी जिवंतच जातील."

"बघू उद्या. पंधरा तारीख आहे, शिकार खुली व्हायचा दिवस. पहिला बार माझा." यासाकू उठला, कानांवर टोपी ओढली. "गाडी गरम करतो. ये लवकर, कुत्रं गारठलंय."

दार सरकवून तो बाहेर गेला. बर्फाचे चार कण आत आले आणि विरघळले.

किन्पेई ओट्यावरून चालत खिडकीपर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. "बोटांना जागाही आहे," तो म्हणाला. "यासाकूला एकट्याला नाव झेपायची नाही. बायकांना हे समजत नाही."

चियोनो पसारा आवरत होती. नव्या बुटांचा आकार राहावा म्हणून टोकात कागदाचे बोळे कोंबलेले असतात. तिने ते एकेक करून टोपलीत टाकले. पाच. खोक्याखाली पाहिलं, शेगडीमागे पाहिलं. तीन जोड काढले होते, सहा हवेत. शेवटच्या जोडातला उजवा तिने स्वतः मोकळा करून दिला होता. डावा त्याने घाईने आपणच ओढला होता.

तिने त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. बोळा अंड्याएवढा तरी असणार.

"दोन्ही पाय सारखे वाटतात?" तिने विचारलं.

"अगदी सारखे."

तिने टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "काढा. बांधून देते."

"नको, घालूनच जातो."

"घरात चढवलेलं नवं पायताण तसंच घालून बाहेर जात नाहीत, किन्पेईसान. तसे शवपेटी उचलणारे जातात."

"माहीत आहे. आमची आई तळाला काजळी लावायची, म्हणजे दोष जातो. तूही लाव आणि सोड मला."

तो ओट्याच्या काठावर बसला आणि डावा पाय पुढे केला. चियोनोने शेगडीच्या दारातली काजळी बोटांवर घेतली. एका हाताने टाच पेलून धरली, दुसऱ्याने तळ घासू लागली. बाहेर यासाकू गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. किन्पेई त्याच्याकडे बघून हसत होता. "बघ, कसा नाचतोय म्हातारा," तो म्हणाला.

चियोनो घासायची थांबली. मग टाचेखालचा हातही तिने काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पाय तसाच अधांतरी राहिला. किन्पेई खिडकीबाहेर बघत होता.

गाडीचा भोंगा वाजला.

"झालं का गं?" मान न वळवता त्याने विचारलं.

त्याने वळून पाहिलं. आधी तिच्या मांडीवरचे काळे हात. मग आपला पाय.

"फुसाला मी काय सांगू?" चियोनो म्हणाली.

भोंगा पुन्हा वाजला. किन्पेईने पाय खाली घेतला. सावकाश, वाकून, जमीन आली की नाही ते डोळ्यांनी बघत.