‘नीलकूट’चे अकरा खंड

“घेऊन जावा, बाई. न्हाईतर उद्या रद्दीवाला येतोय,” वाचनालयाचे पाशामियाँ म्हणाले आणि ‘नीलकूट’ कादंबरीचे जाडजूड खंड त्यांनी टेबलावर एकावर एक रचले. “अकरा होते. सातवा तेवढा न्हाई. भूकंपाच्या साली एक पोरगा गावाकडं घेऊन गेला. ना पोरगा आला, ना पुस्तक.”

मंजुश्रीनं नुसती मान हलवली. तो पोरगा तिचा भाऊ होता, हे तिनं सांगितलं नाही. ‘भाऊ भूकंपात गेला’ हे वाक्य सव्वीस वर्षांत ती इतक्या जणांशी बोलली होती, की आता बोलताना तिला काहीच होत नसे. काहीच होत नाही, याचीच लाज वाटे.

लातुरातल्या या वाचनालयाची आता अभ्यासिका व्हायची होती. सुतार भिंतीला लाकडी खण ठोकत होता. एकेका खणात एकेक होणारा डॉक्टर बसणार. नावं तरी कुणाला ठेवायची? मंजुश्री स्वतः क्लासच्या मुलींच्या होस्टेलची रेक्टर. पोरींच्या गादीखालून गोष्टीची पुस्तकं काढून कपाटात कोंबणं हे तिचं रोजचंच काम.

खरं तर हे ठोकळे आपल्याला हवेत की नकोत, हेच तिला कळत नव्हतं. मागच्या दिवाळीत कुठूनसा पहिला खंड मिळवून तिनं पुन्हा वाचला आणि तोंडाची चवच गेली. एका तलवारीचं वर्णन साडेचार पानं! माणूस काळा दिसला की तो राक्षस. मेलेल्याच्या ओठाला मणी लावला की तो उठून बसायचा. वाचणाऱ्याला खुळ्यात काढावं ते किती! राजकन्या वसुधारा बिचारी सज्जात उभी राहून वाट बघतेय. मंजुश्रीला तर पक्कं आठवत होतं, की राजकन्या घोड्यावर बसून पळून जाते. तिनं पान न् पान धुंडाळलं. घोडा सापडला, पण त्यावर भलताच कुणी बसला होता. तरीही मुखपृष्ठाच्या आत छापलेल्या नकाशावरून, त्या नद्यांवरून आणि घाटांवरून, तिचं बोट मात्र कितीतरी वेळ फिरत राहिलं होतं.

सातव्यानंतर तिनं पुढचं वाचलंच नाही. भाऊ, रविकिरण, तेव्हा लातूरला अकरावी सायन्सला होता. घरी येताना एकेक खंड घेऊन यायचा. “मला अभ्यासातून कुठला येळ? तू वाच अन् मला सांग, मंजे.” ती सांगायची. गणपती विसर्जनाहून परतल्यावर त्यानं विचारलं होतं, “शार्दूल पुलावरून पडला. मग?” तिचे डोळे मिटत होते. “उद्या सांगते,” ती म्हणाली होती. पहाटे जमीन हलली. सगळं गावच गेलं, तिथं एका गोष्टीचं काय? पण भाऊ अर्धीच गोष्ट ऐकून गेला, हेच कुसळ तेवढं तिच्या मनात रुतून राहिलं होतं.

तिनं उगाच आठवा खंड उघडला. एकतिसाव्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीनं काढलेली मासोळी होती. हे पुस्तक आपलं वाचून झालंय हे ध्यानात राहावं म्हणून सभासद अशा खुणा करून ठेवत. कुणाची फुली, कुणाची चांदणी. ही मासोळी तिच्या ओळखीची होती. घरी आलेल्या प्रत्येक खंडात ती असायची. “आपण नेल्याची खूण हाय,” असं रविकिरणनं तिला सांगितलं होतं. पण आठवा तर त्यानं कधी नेलाच नव्हता. तिनं नववा काढला, दहावा काढला, अकरावा काढला. तिन्हींत एकतिसावं पान, तिन्हींत मासोळी.

“ही खूण?” तिनं विचारलं.

“त्याच पोराची की,” पाशामियाँ म्हणाले. “क्लास सुटला की इथंच बाकड्यावर बसून वाचायचा. अकराच्या अकरा संपवले, अन् मंग पयल्यापासून एकेक गावाकडं न्यायला लागला. म्या म्हणलं, अरे, वाचलेलंच काय नेतो? तर म्हणं, बहिणीला नेतो, चाचा. ती वाचून मला सांगती. कंटाळवाणं गाळती अन् मनचं घालती. पुस्तकापरीस तिचंच लई भारी हाय.”

मंजुश्रीला पहिल्यांदा राग आला, चांगला सणसणीत. म्हणजे राजकन्येला घोड्यावर तिनंच बसवलं होतं. आणि हा लबाड सगळं ठाऊक असून, तोंडाचा आ करून, “मग? मग?” करत बसत होता. कितीतरी वर्षांत तिला असं कुणावर चिडताच आलं नव्हतं.

“चाचा, ती बहीण मीच.”

पाशामियाँनी चष्मा काढला.

“पुलावरून पडलेल्या शार्दूलचं काय झालं, ते त्याला माहीत होतं तर,” ती म्हणाली.

“हाव. सगळंच म्हाईत होतं.”

“शेवट आवडला होता त्याला?”

“न्हाई, बेटा.” पाशामियाँनी चष्मा सदऱ्याला पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. “शेवट लई वंगाळ हाय म्हणायचा. म्हणायचा, मंजीपर्यंत जाऊ द्या, चाचा. ती करती बरोबर.”