जाड साल

सातुर्निनाने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा मुठीत एकच बटाटा होता. बाकीचे अळीने आतून खाल्ले होते. बोट लावलं की भुगा. तिने पोतं उलटं केलं, झटकलं, पुन्हा आत डोकावून पाहिलं. एकच.

बटाटा कसला, गाठींचा नुसता गुंता. गाठीवर गाठ, मध्ये खाचा, खाचांत डोळे आणि डोळ्यांतून नुकते फुटलेले जांभळे कोंब. नाव सूनरडव्या. घरात येऊ घातलेल्या मुलीने तो सासूसमोर सोलायचा. साल पातळ निघाली पाहिजे. जिची जाड निघाली ती उधळी, तिने आल्या वाटेने परत जावं. सातुर्निनाच्या घरात या परीक्षेशिवाय एकही बाई आलेली नव्हती, ती स्वतःसुद्धा.

नेलिदा चुलीजवळ पाय मुडपून बसली होती. खालच्या दरीतली मुलगी, सातुर्निनाच्या मुलाने, रुफिनोने, स्वतःच शोधलेली. पलीकडे रुफिनोची आत्या एर्मेलिंदा कोकाची पानं चघळत होती. ती खास परीक्षा बघायला आली होती.

“एकच उरलाय,” सातुर्निना म्हणाली.

“मग दुसऱ्या जातीचा दे ना, आई,” रुफिनो म्हणाला. “घरात बटाट्यांना काय तोटा?”

“गुळगुळीत बटाटा तर तूही सोलशील,” आत्या फिस्कारली. “दे गं वहिनी, तोच दे. माझ्या वेळी मी असा सोलला होता, की सालीतून ऊन दिसत होतं.”

सातुर्निना बटाटा हातात धरून उभीच. उद्या लागवड होती. लावायचा तर मुलगी पारखायची कशाने, आणि सोलायचा तर लावायचं काय? आजवर तिला दोन्ही करता आलं होतं. दोन्हींतलं एक निवडायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माणसं ताटकळली होती. सवयीने तिचा हात पुढे झाला.

नेलिदाने बटाटा घेतला. कोंबांवरून बोट फिरवलं. “हा बेण्याचा ना?”

“बेण्याचाच.”

“मग?”

“मग काय? तू आलीस.”

“दुसऱ्या कुणाकडे असेल ना?”

सातुर्निनाने नणंदेकडे पाहिलं. “आमच्याकडचा कधीच संपला,” एर्मेलिंदा म्हणाली. “वरच्या वाडीत होता, तर आता तेही हिच्या दरीतला तो पांढरा लावायला लागले.”

दरीत सगळे पांढराच लावतात, कारण व्यापारी तोच उचलतो. सूनरडव्या नेलिदाच्या आजीकडेही होता म्हणे. शेवटचा कुणी खाल्ला, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. कुणीतरी एका दुपारी सोलला असेल, उकडला असेल, खाऊन हात पुसले असतील. नेलिदाला रुफिनो हवा होता. हे घर हवं होतं. पण तो शेवटचा हात आपला व्हायला नको होता.

“सोल की गं,” आत्या म्हणाली. “बटाटा आहे तो, नवरा नाही. इतकं काय न्याहाळतेस?”

नेलिदाने सुरी लावली. पहिली साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली. आत्याचं चघळणं थांबलं. रुफिनो गालात हसला. शेतावरच्या माणसांसाठी पोतंभर बटाटे असेच सोलताना त्याने तिला पाहिलं होतं.

मग सुरी पहिल्या डोळ्यापाशी आली. थांबली. आणि खोल घुसली. बोटभर जाड तुकडा कोंबासकट खाली पडला.

“अगं अगं! सोलतेस की फोडतेस?”

दुसरा तुकडा पडला. तिसरा पडला. सालीवर हक्क सांगायला चुलीमागे पाळलेले गिनीपिग धावत आले. पातळ साल त्यांनी लगेच फस्त केली. तुकड्यांकडे वळले तसं नेलिदाने त्यांना पायाने हटवलं आणि तुकडे उचलून ओच्यात घेतले. शेवटी तिच्या हातात बोराएवढा गाभा उरला. तो तिने हंडीत टाकला.

“झालं!” आत्याने हात झटकले. “असं घर चालवलं तर काढणीआधी दगड उकडायची पाळी येईल. सांग वहिनी तिला.”

“पण आत्या, हिला तर...” रुफिनो म्हणाला. नेलिदाने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. येत असलेलं काम तिने का बिघडवलं, त्याला कळेना. त्याला रडू यायला लागलं.

तुकडे गिनीपिगांना टाकायला सातुर्निनाने नेलिदाच्या ओच्यात हात घातला. एक उचलला. वर डोळा, खाली भरपूर गर. दुसरा उचलला, तोही तसाच. तिसराही. तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, पण मुलगी मान खाली घालून बसलेली. सातुर्निना चुलीपाशी बसली. रागवायचं की काय करायचं, तिचं तिलाच समजत नव्हतं. मग तिने चुलीच्या कडेची गार राख ओढून घेतली आणि तुकड्याची कापलेली बाजू तिच्यात दाबली. कापलेलं बेणं कुजू नये म्हणून दाबतात, तशी.

“हे काय चाललंय?” आत्या ओरडली. “पास की नापास, ते तरी सांग!”

“नापास,” सातुर्निना म्हणाली. तिलाही खात्री वाटत नव्हती. “साल जाड निघाली, म्हणजे नापासच की.”

रुफिनो उठून उभा राहिला. “म्हणजे हिने परत जायचं?”

“जाते कुठे? हे रुजेपर्यंत लक्ष कोण ठेवणार?” सातुर्निनाने राख नेलिदाकडे सरकवली. “राहू दे इथेच. पुढच्या काढणीला पुन्हा सोलायला देईन.”

नेलिदाने एक तुकडा राखेत दाबला.

“तेव्हाही जाडच सोलेन,” ती म्हणाली.