धरणाच्या वरचा ठिपका

आठ मिशा. काचेची बरणी. बाजाराची ओली पिशवी. नकाशावर एक लाल ठिपका.

ठिपका माझा होता. आठ मिशांच्या या वंशाचे मासे धरणाच्या खालीच सापडतात, असं सगळे नकाशे सांगत. मला मात्र एक धरणाच्या वर मिळाला होता, येसूमावशीच्या जाळ्यात. त्या एका माशावर माझा प्रबंध उभा होता. प्रबंध उद्या द्यायचा होता.

"याचं कूळ ठरलं, वंश ठरला," मी बरणी तिच्यासमोर धरली.

"माशाचं कूळ काढलंस? सोयरीक जमवायचीय व्हय त्याची?"

"मावशी, कुठल्या डोहात लागला हा? तेवढंच लिहायचं राहिलंय."

जाळं सांधणारा तिचा हात थांबला. "लिहायचं?"

"हो. छापून येईल."

"मग डोह नको लिहू, पोरी. बाजार लिही. धरणाखालच्या गावचा."

मी उठले, बसले, पुन्हा उठले. "पण तूच म्हणालीस, जाळ्यात लागला!"

"बाजारातनं आणला, जाळ्यात घातला. मग जाळ्यातच लागला की." तिचा आवाज खाली गेला. "तुला मासा पायजे हुता. कुठला, ते कुठं बोललीस?"

मी नकाशा उघडला आणि ठिपका खोडू लागले. लाल शाई जाईना. कागद फाटला, तरी मी खोडतच राहिले.

बरणीत मासा आला त्याच्या आदल्या दिवशी, जाळं नवव्यांदा रिकामं निघालं तेव्हा, मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते.