बंद केलेला टॅब

सून खोलीत आली रे आली की सासरे कंट्रोल-डब्ल्यू दाबून बुद्धिबळाचा टॅब बंद करायचे. "मला हरवणारा अजून जन्माला यायचाय," अशी घरभर फुशारकी, आणि इंटरनेटवर कुणी अनोळखी खेळाडू त्यांना रोज पाणी पाजत होता. आजही वजीर गेल्यावर त्यांनी कसाबसा राजा सरकवला, तोच सून चहा घेऊन आली. टॅब गायब!

"काय वाचताय, बाबा?"

"बातम्या."

तिने कप ठेवला आणि कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं. बंद केलेला टॅब डावासकट परत आला.

सुनेने खिशातून मोबाइल काढून त्यावर बोट फिरवलं. इकडे कॉम्प्युटरवर काळ्या घोड्याने उडी मारली आणि सासऱ्यांच्या पांढऱ्या राजावर मात झाली.

"बाबा, मला जन्माला येऊन तीस वर्षं झाली."